सहा-सदतीस

लॉरीच्या मागच्या आसात दोन दातेरी चाकं असतात. लहान ते पिनियन, मोठं ते क्राऊन. त्यांचे दात मोजले की लॉरीचा स्वभाव कळतो. माझ्याकडे दोन जोड्या होत्या. एक सहा-सदतीस, ओढणारी; दुसरी सात-अडतीस, पळणारी. एका दाताचा तर फरक, त्याचं काय एवढं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून मी ती लॉरी घेतली. आमचं घर तापीकाठचं, शहाद्याच्या बाजूचं, केळी-कापसातलं. घरात लोखंडाला हात लावणारा मीच पहिला. डोंगरापल्याडचा सागवान घाट चढवून, उतरवून तळोद्याला आणायचं काम एका ठेकेदाराकडून मिळालं. मागे ट्रेलर जोडायचा, त्यावर ओंडके साखळदंडानं आवळायचे. फौजेत लॉरी चालवून आलेला ड्रायव्हर ठेवला. तो दोंडाईचाकडचा होता. त्यानं पहिल्याच दिवशी सहा-सदतीसची जोडी बसवली आणि मागच्या चाकांना लष्करी टायर चढवले, बोटभर खोल खाचांचे. मुरमात ते नखांसारखे रुतायचे.

त्या जोडीवर लॉरी पहिल्या गिअरमध्ये घाट चढायची ती माणसाच्या पावलानं. थट्टा नाही, खरंच माणसाच्या पावलानं. आणि ते हवंच होतं, कारण ट्रेलरच्या मागे एक माणूस चालत असायचा. हातात उटी. उटी म्हणजे अंजनाच्या लाकडाची पाचर. लॉरी थांबली, मागे सरकायला लागली, की चाकाखाली ती घालायची. ट्रेलरला ब्रेक नव्हताच. तो माणूस हाच त्याचा ब्रेक.

आमचा उटीवाला पावरा आदिवासी होता, घाटाच्या निम्म्यावरच त्याची झोपडी. चाळिशीचा, काटक. त्या दिवसांत डोंगरात पुष्कळांनी दारू सोडली होती. गावोगाव आरती व्हायची, शपथ घ्यायची आणि पुन्हा मोहाच्या दारूला शिवायचं नाही. शपथ मोडली तर आरतीत उभं करत नसत, पाण्याला शिवू देत नसत. हा माणूस त्याच्या गावच्या आरतीत पुढे उभा राहायचा. त्याचा त्याला केवढा तोरा! मी चिडवायचो, "काय भगत, एक घोट?" तर कानावर हात ठेवायचा.

मग लग्नसराई आली आणि माझी अक्कल शेण खायला गेली. पुतणीचं लग्न होतं. नवऱ्याकडचं निम्मं वऱ्हाड, विहीणबाईंसकट, माझ्या लॉरीतून निघालं. व्याह्यांचीही लॉरी होती, सपाटीवर पळणारी. शहाद्याच्या रस्त्यावर ती भुर्रकन पुढे गेली, तिच्यातल्या पोरी हात हलवत ओरडत होत्या. माझी मागे रखडतेय. वर त्या खाचांच्या टायरांचा घूं घूं आवाज, शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. उतरल्या उतरल्या विहीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पाव्हना, आम्ही लॉरीमा बठनूत का पिठनी गिरनीमा?" मांडवभर हसू. मीही हसलो. आतून नुसता जळत होतो.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला सांगितलं, सात-अडतीस बसव. खाचांचे टायर उतरव, गुळगुळीत चढव. त्यानं लगेच बदललं, कारण लॉरी तेव्हा वऱ्हाडंच वाहत होती. आणि काय पळायची म्हणता! त्या महिन्यात मी सगळ्यांना धूळ चारली. व्याह्यांनासुद्धा.

पाऊस तोंडावर आला तेव्हा ठेकेदाराचा निरोप आला. शेवटची खेप राहिली आहे, रस्ता बंद व्हायच्या आत काढा. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, दोन दिन द्या. क्राऊन बदलस, टायर बदलस."

परवा आणखी एक वऱ्हाड होतं. व्याह्यांच्याच गावी. जोडी बदलायची, खेप आणायची, पुन्हा बदलायची, एवढ्यात ते वऱ्हाड हुकलं असतं. मी म्हटलं, "जोर धरून चढव. होतंय सगळं."

"जोर धरीसन चढी हो," तो म्हणाला. "पन मांगे जो मानूस चालस ना शेठ, त्याले पयनं पडई."

"मग पळू दे. पाय दिलेत ना देवानं?"

हे माझं वाक्य. शब्द न् शब्द लक्षात आहे.

दुपारची वेळ होती. सागाची वाळकी पानं रस्ताभर पडलेली. ट्रेलर भरून आम्ही घाटाखाली आलो. सात-अडतीसवर घाट चढायचा म्हणजे खालूनच वेग धरावा लागतो, मध्ये दम टाकता येत नाही. ड्रायव्हरनं लॉरी सोडली. मी शेजारी बसलो होतो, मान बाहेर काढून मागे पाहत होतो. उटीवाला पळत होता. खांद्यावर पाचर, तोंड उघडं, चढावर पळतोय. मला हसू आलं. आलं, ते लपवत नाही. दोन वळणं त्यानं गाठली. तिसऱ्या वळणावर तो वीसेक पावलं मागे पडला आणि तिथेच इंजिन गुदमरून बंद पडलं.

ड्रायव्हरनं ब्रेकवर उभं राहून पाय दाबला. चाकं थांबली, लॉरी थांबेना. गुळगुळीत टायर पानांवरून घसरायला लागले. मागे दरी होती. मी ओरडलो, "उटी! उटी लाव, अरे मेल्या!" दार उघडून उडी मारायची तयारी मी केलीच होती. तो मात्र उलट आमच्याकडे पळत आला. घसरत्या ट्रेलरच्या चाकाखाली त्यानं पाचर टाकली, ती उडाली. पुन्हा धरली, पायानं दाबली आणि दाबून उभा राहिला. लॉरी थांबली. चाक पाचरीवर चढलं होतं आणि पाचरीबरोबर त्याच्या पायावर.

नंदुरबारला डॉक्टरनं गुडघ्याखाली पाय कापला. परत येताना ड्रायव्हरनं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं, मला शिव्या तरी देता आल्या असत्या.

ठेकेदारानं विचारलं, कसं काय झालं? जंगलखात्याचा माणूसही शेजारी बसला होता. सात-अडतीसचं सांगितलं असतं तर काम गेलं असतं, आणि सागवानाची लॉरी वऱ्हाडासाठी पळवली म्हणून गावभर छी थू झाली असती. मी म्हटलं, "काय सांगू साहेब, उटीवाला पिऊन आला होता."

दोघांनीही मान हलवली. डोंगरातला माणूस, त्यात मोहाचे दिवस नुकतेच सरलेले. कुणाला शंका येणार? ड्रायव्हर दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि जाऊन लॉरीत बसला. त्याच्या घरी पाच खाणारी तोंडं होती.

'पिऊन आला होता' हे माझं वाक्य माझ्याआधी घाट चढून त्याच्या गावात गेलं. पावसाळ्यात मी सहा-सदतीस बसवून घेतली, खाचांचे टायर चढवले, आणि दिवाळीनंतर खेपा सुरू केल्या. नवा उटीवाला मागे चालत होता. निम्म्या घाटात तो जुना रस्त्याच्या कडेला उभा, काखेत कुबडी. मला वाटलं, आता पायाची भरपाई मागणार. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

तो खिडकीशी आला आणि म्हणाला, "शेठ, मी पेल नव्हतू. आरतीमा उभं ऱ्हावू देत नहीत. तुम्ही गावमा या, पंचले इतलंच सांगा."

पायाचं नावसुद्धा काढलं नाही.

मी म्हटलं, "येतो रे पुढच्या खेपेला." समोर बघायला लागलो. तर हा बाबा लॉरीबरोबर चालायला लागला. एक पाय, एक कुबडी, टक टक करत. खिडकीच्या बरोबरीनं. पुन्हा तेच. "इतलंच सांगा, शेठ." माझ्या अंगाची आग झाली. मी ड्रायव्हरवर खेकसलो, "दाब ना जरा! पुढे घे!"

ड्रायव्हरनं समोरची नजर काढली नाही. "येन्हापेक्षा जोरमा नही चालस शेठ," तो म्हणाला. "सहा-सदतीस शे."

तो घाट संपेपर्यंत कुबडी खिडकीशी होती. त्या हंगामात मी दर आठवड्याला एक खेप केली, आणि दर खेपेला म्हणालो, पुढच्या खेपेला येतो.