लेगगार्डासाठी वऱ्हाडात

बडनेऱ्याच्या फलाटावर उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि पुण्याहून आणलेलं माझं सगळं शहाणपण शाबूत होतं. पुढच्या तीन दिवसांत ते कसं उतरत गेलं, त्याचीच ही हकीकत.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. माझा मित्र सुखदेव वानखडे हिवरखेडला गुरांचा सरकारी डॉक्टर होता. पुण्यात सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला आला तेव्हा तो आमच्या घरी राहिला होता, तेव्हापासूनची आमची दोस्ती. त्याचं पत्र आलं ते असं : ‘जुनी मोटारसायकल घेतली होती. महिनाभरापूर्वी तिच्यासकट पडलो, पाय खाली सापडला, तीन आठवडे प्लास्टरमध्ये होतो. माय म्हणते, गाडी विकून टाक. अकोटच्या जिनिंगमधले एक मॅनेजर रविवारच्या बाजाराला येऊन गाडी नेणार आहेत. त्याआधी तुझ्या पसंतीचा चांगला लेगगार्ड बसला आणि मायची खात्री पटली, तर गाडी वाचेल. सायकलवर माझी पाच गावं होतात, गाडीवर वीस. तू ये.’

लेगगार्ड म्हणजे गाडी पडली तर खालचा पाय वाचवणारा लोखंडी कठडा. माझ्याकडे आठ वर्षं मोटारसायकल होती आणि मी तिच्याविषयी इतकं बोलत असे की ऐकणाऱ्याला मीच ती बनवली असं वाटावं. असं पत्र आल्यावर मी कसला थांबतोय! साहेबांकडे पोटदुखीचं कारण सांगून रजा टाकली.

सुखदेवचं अमरावतीला कचेरीचं काम होतं, म्हणून तो गाडी घेऊन स्टेशनवरच हजर होता. जरा लंगडत होता. मी काही बोलण्याआधीच म्हणाला, “पायाकडं पाहू नको. गाडीकडं पाह्य.” गाडी काळी, दणकट, आणि टाकीवर पोचा पडलेला.

अमरावतीत आधी पोटाची सोय केली. एका हातगाडीवाल्याने गिला वडा (उडदाच्या डाळीचा मऊ वडा, वर चटणी) दिला. तिखटानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थाने विचारलं, “पुण्याचे का?” मी होकार दिल्यावर तो गाडीवाल्याला म्हणाला, “मंग भाऊ, यायले संत्रं दे एक.” चौकशी नाही, प्रस्तावना नाही. वऱ्हाडी माणूस असा सरळ अंगावर येतो आणि मग हातात संत्रं ठेवतो.

मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात तीन लेगगार्ड होते. दोन साधे, काळ्या रंगाचे. तिसरा मात्र आरशासारखा चकचकीत, जाड नळीचा आणि दोन्ही बाजूंना ऐटीत बाहेर आलेला. मी त्यावर बोटाने टिचकी मारली, वाकून सांधे पाहिले, उगाच एक डोळा मिटून पाहिलं. दुकानदार म्हणाला, “घ्या बिनधास्त. ट्रक घुसला तरी पायाले काही होत नाही.”

सुखदेव म्हणाला, “जरा रुंद नाही वाटत?”

“रुंद आहे म्हणून तर पाय वाचणार,” मी म्हणालो. त्याने पाकीट काढलं. तासाभरात गार्ड गाडीवर चढला आणि गाडी वरातीला निघालेल्या घोड्यासारखी दिसू लागली.

अमरावती ते अकोला रस्ता डांबरी. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मूर्तिजापूरच्या पुढे कापसाने ठासून भरलेल्या बंड्यांची (बैलगाड्यांची) रांगच्या रांग. गाडीवान आमचा गार्ड पाहून हात वर करत. मी मागे बसून त्या सलामीचा स्वीकार करत होतो.

अकोल्यात चाकात हवा भरायला थांबलो. हवावाले चाचा पंप मारता मारता गार्डाकडे पाहत होते. “कुठं चालले?”

“हिवरखेडले,” सुखदेव म्हणाला.

“मंग हे काढा अन् हातात धरून बसा.” चाचांनी नळी काढून घेतली. “शहरात अच्छा हाये. तिकडं हे पाडते तुमाले.”

मला राग आला. पंप मारणाऱ्याने गार्डाबद्दल बोलावं? मी सुखदेवला सांगितलं की लोकांना नवीन वस्तू खुपते. त्याने मान डोलावली. हा माणूस चिडलेल्या म्हशीपुढे बोलतो, पण पुणेकरापुढे त्याचं काही चालत नाही.

अकोटपर्यंत सारं ठीक झालं. हिवरखेडच्या अलीकडे खडीचा रस्ता संपला आणि काळ्या मातीची गाडवाट लागली. ही वाट ज्याने पाहिली नाही त्याला थोडं सांगतो. पावसाळ्यात चिखलातून बंड्या जातात, त्यांच्या चाकांनी दोन खोल चर पडतात. त्यांना चाकोरी म्हणतात. दिवाळीनंतर ती माती दगडासारखी वाळते. मधला उंचवटा इतका खडबडीत असतो की त्यावरून दोन चाकांची गाडी चालत नाही. चाकोरीतूनच जावं लागतं, आणि चाकोरी होती जवळजवळ हातभर खोल.

पहिला फर्लांग बरा गेला. पुढे चाकोरी आणखी खोल झाली, गार्डाचं एक टोक मधल्या उंचवट्यात रुतलं, गाडी गर्रकन फिरली आणि आम्ही दोघं शेजारच्या तुरीच्या शेतात जाऊन पडलो. लागलं काहीच नाही. पण तुरीच्या शेंगा तोडत पाच-सहा बाया तिथेच उभ्या होत्या, आणि त्यांतली सर्वांत पुढची सुखदेवची माय होती.

ती धावत आली. आधी त्याचा पाय चाचपला, मग माझा, ओळख नसताना. “पडले का रे?”

“पडलो नाही माय, टेकलो,” सुखदेव म्हणाला.

बाया हसल्या. माय हसली नाही. तिने गार्डाकडे पाहिलं, वाकून चाकोरीत वीत धरली, मग तीच वीत गार्डावर धरून मोजली. “हे कोनं पसंत केलं?”

मी हात वर केला. शाळा सुटल्यापासून असा हात मी वर केला नव्हता.

“भाऊ, तुमी पाहुने, रागवू नका,” ती म्हणाली. “चाकोरी दोन वीत, अन् हे चार वीत. यानंच पाडलं तुमाले.” आणि सुखदेवला म्हणाली, “परवा बाजार हाये. गाडी देऊन टाक.”

त्या रात्री जेवायला रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली सुखदेवचं पदवीचं प्रमाणपत्र, तेही तितक्याच जाड चौकटीत. जेवण उत्तम होतं, पण मित्राची वीस गावं मी एका टिचकीने घालवली होती. मी म्हणालो, “मावशी, चूक माझी. उद्याचा एक दिवस द्या. तुम्ही सांगाल तसा गार्ड करून घेऊ.”

“मी काय सांगू? मले गाडीतलं काय समजते?”

“चाकोरीतलं समजतं ना.”

तिने माझ्या ताटात आणखी एक रोडगा ठेवला. तो होकार आहे असं सुखदेवने मला डोळ्याने सांगितलं.

सकाळी आम्ही तिघं लोहाराकडे गेलो. किसनभाऊ लोहार बंड्यांच्या चाकांना धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) चढवणारा माणूस. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, “हे काढून बारीक करतो. पन बारीक केलं तं पाय वाचत नाई, अन् रुंद ठेवलं तं वाटंनं जात नाई. आता काय करू?”

मी नळी, कोन आणि तोल यांवर बोलू लागलो. माय अंगणातल्या बैलाकडे बघत होती. ती मध्येच म्हणाली, “बैलाले शिंगं खाली असतात का वर?”

आम्ही तिघांनी वळून बैलाकडे पाहिलं.

“तो पन याच वाटंनं जाते. पाय चाकोरीत, शिंगं वर. कुठं अडकते का? हे बी तसंच करा ना. खाली आखूड, वर फुगीर.”

किसनभाऊने भात्याची दोरी ओढलीच. तो म्हणाला, चमकदार नळी वाकवली तर तडकेल, त्यापेक्षा जुन्या धावेचं लोखंड बरं, ते मार खाऊन खाऊन मुरलेलं असतं. दिवसभर ठोकाठोक चालली. मी भाता ओढला, एवढंच माझं तांत्रिक साहाय्य.

दुपारी सुखदेव कुणाची तरी गाय बघायला सायकलवर गेला. माय माझ्या शेजारी बसली होती. आपण होऊन म्हणाली, “याच्या बापाचा पाय कापसाच्या बंडीखाली गेला. मी मागून चालून राहिली होती. आवाज मी ऐकला. मांगचे बारा वर्सं मी तो आवाज ऐकून राहिली.” तिने पदराने चेहरा पुसला. “हा पडला तेव्हा मले वाटलं, आता याचाबी.”

तोपर्यंत मी तिला हट्टी म्हातारी समजत होतो, याची मला लाज वाटली. मी भाता जोराने ओढू लागलो.

रविवारी बाजार भरला. गार्ड बसला होता : काळा, बेढब, खालून इंजिनाला बिलगलेला आणि गुडघ्याच्या उंचीवर दोन्ही बाजूंना बाक घेतलेला. अकोटचे मॅनेजर पांढऱ्या पँटीत वेळेवर आले. माय त्यांना म्हणाली, “जरा थांबा. आधी परीक्षा होऊ द्या.”

तिने कुंभारणीकडून तीन गाडगी (मातीची लहान मडकी) आणली. एक पाण्याने भरून, पाय जिथे असतो बरोबर तिथे, गाडीच्या बाजूला जमिनीवर ठेवलं. सुखदेवने पेट्रोल काढून घेतलं. मग तिने हुकूम केला, “आता पाडा.”

भाजीवाल्या टोपल्या सोडून आल्या. किसनभाऊने डोळे मिटले. आम्ही गाडी डाव्या अंगावर सोडून दिली. धप्प! धूळ बसली. गाडगं तसंच उभं, पाण्याचा थेंब सांडला नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. मॅनेजरही पिटत होते.

“आता उजवीकडून,” माय म्हणाली.

उजव्या बाजूला गिअरचा खटका होता, म्हणून किसनभाऊने तिथे पट्टी थोडी आत घेतली होती. गाडी पडली आणि गाडगं फटकन फुटलं. हसायला कुणी तोंड उघडलं असेल, पण मायकडे पाहून ते मिटलं. तिने कानांवर हात ठेवले होते.

मग ती किसनभाऊकडे वळली. “काहून रे, पोराले एकच पाय ठेवाचा होता का?”

किसनभाऊ कानापर्यंत लाल झाला. पट्टी काढली, पुन्हा तापवली, खटक्याला वळसा घालून बाहेर घेतली. मॅनेजर दीड तास हुरडा (भाजलेली कोवळी ज्वारी) खात बसले. तिसरं गाडगं ठेवलं. आम्ही दोघांनी गाडी सोडली. धप्प!

माय स्वतः वाकली. गाडगं उचललं, त्यातलं पाणी सुखदेवच्या दोन्ही पायांवर ओतलं आणि पदर डोळ्यांना लावला.

मॅनेजर खूश होऊन पुढे आले. “आता तर नक्कीच नेतो. असा गार्ड अकोटातही मिळणार नाही.”

“आता नाई देत,” माय म्हणाली. “तुमी तुमच्यासाठी दुसरं पाहा.” बिचाऱ्यांना मग आम्ही घरी नेऊन रोडगे खाऊ घातले, आणि जाताना ते पुढे घ्यायच्या गाडीसाठी अमरावतीचा चकचकीत गार्ड आनंदाने घेऊन गेले. त्यांचा रस्ता अकोटात डांबरी होता.

सोमवारी मी एसटीने अकोल्याला निघालो. धोतरातली आठ माणसं, दोन कोंबड्या आणि माझ्या मांडीवर कुणाचं तरी गाठोडं. सुखदेवला पहाटेच एका गावाहून बोलावणं आलं होतं, म्हणून निरोप घरीच घेतला होता. माय शेतावर गेली असावी, ती दिसली नाही.

अकोल्याच्या फलाटावर मी गाडीची वाट पाहत होतो, तेव्हा मागून हाक आली, “भाऊ!” धुळीने माखलेली माय. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. तिच्यामागे सुखदेव हसत उभा.

“तुम्ही मोटारसायकलवर आलात? एवढ्या लांब?”

“मंग काय उडून आली? पहाटंपासून याच्या मांगंच बसून हाव. एका म्हशीचं पाह्यलं यानं, मंग इकडं.”

मी विचारलं, “आता भीती गेली ना मावशी?”

“कायची जाते बापा!” ती म्हणाली. “भेव तं हायेच. पन घरी बसून वाट पाहाचं भेव लय मोठं असते. मांगं बसलं की लहान होते.” मग पिशवी माझ्या हातात कोंबली आणि सुखदेवला म्हणाली, “चाल, उशीर झाला. ती दुसरी म्हैस थांबून राहिली असन.”

पुण्याला पोचलो. दारात आई उभी होती. ती नेहमीच असते. मोटारसायकल घेतल्यापासून मी रात्री कितीही वाजता आलो तरी दार वाजवावं लागलं नाही, आणि मी त्याला तिची सवय समजत आलो. त्या दिवशी पिशवी खाली ठेवून मी म्हणालो, “आई, चल, मागे बस. पर्वतीपर्यंत जाऊन येऊ.”

“वेडा का काय? या वयात? लोक काय म्हणतील?” असं म्हणत म्हणतच तिने चपला पायात सरकवल्या होत्या.