आधी स्वतःच्या दंडाला

आयटीचं वारं आलं आणि नर्सेस कॉलसेंटरकडे निघाल्या, तेव्हा मी नारायण पेठेतल्या एका इस्पितळात रक्तदाबासाठी दाखल होतो. वॉर्डच्या मुख्य सिस्टर तिघींचं काम एकट्या ओढत, डबाही उभ्यानेच खात. रोज सकाळी रक्तदाबाचं मशीन त्या आधी स्वतःच्या दंडाला लावून बघत. आकडा भलताच वर जाई. “बिघडलंय मेलं!” म्हणत त्या तेच मशीन मला लावत.

“काका, आज तुमचं छान आहे. जा घरी.”

“आणि सिस्टर, तुमचं?”

“अहो, मी घरी गेले तर तुम्हाला घरी कोण पाठवणार?”

मी हसून पिशवी उचलली. पुढे कट्ट्यावर बिघडलेल्या मशीनचा किस्सा म्हणून हे रंगवून सांगितलं. मशीन उत्तम होतं. त्याच्याच भरवशावर तर मी निर्धास्त घरी गेलो.