न लिहिलेला आकडा

“हाय ते आदी लिवून ठेवा, मग नव्याला हात लावा.” शिवानंदमामा दिवसातून एकदा तरी हे म्हणायचेच. माणूस मैंदर्गीचा. घरात कन्नड, कारखान्यात मराठी, आणि हे वाक्य दोन्हीकडे.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला ईश्वरप्पांचा चादरींचा कारखाना. खाली माग धडधडायचे आणि वरच्या खोलीत, त्या धडधडीनं थरथरणाऱ्या टेबलावर, मामा संगणकावर नक्षी काढायचे. पडद्यावरचा एक चौकोन म्हणजे एक धागा. चौकोन चुकला की मोराची मान मोडायची, आणि ती प्रत्येक चादरीवर तशीच मोडलेली उतरायची.

संगणक लिनक्सवरचा. त्याचा मॉनिटर जुन्या काळचा, पेटीसारखा जाडजूड. चित्र किती रुंद, किती उंच, सेकंदाला किती वेळा नव्यानं उमटवायचं, हे त्याला आकड्यांनी सांगावं लागे. झेपेल त्यापेक्षा जास्त सांगितलं की अशी पेटी आतून जळते. म्हणून मामांनी रीत घालून दिली होती. जुने आकडे वहीत उतरवायचे. नवे नुसते चाचणीला द्यायचे. पडदा काळा झाला तरी घाबरून कुठलं बटण दाबायचं नाही. पंधरा सेकंदांत संगणक आपला आपण जुन्यावर येतो. नीट दिसलं तरच ‘कायम करा’ म्हणायचं आणि वहीत तारीख घालून नाव लिहायचं. दर सोमवारी मालक संगणकाला उदबत्ती ओवाळत आणि उभ्याउभ्याच ती वही चाळत.

खोलीत दुसरी खुर्ची डिप्लोमा करून मामांच्या हाताखाली आलेल्या अक्षताची. रोज मोहोळहून एसटीनं यायची. दिवाळीपासून तिच्या लक्षात येत होतं की मामा नाक पडद्याला टेकवून बसतात. मोजताना ओठ हलतात, मध्येच थांबतात, पुन्हा एकपासून सुरू होतात. एकदा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, हा धागा तांबडा की किरमिजी. तिनं सांगितलं. त्या दुपारी भाकरी मोडता मोडता ते बोलले. डोळ्याच्या मागचा पडदा झिजत चाललाय, चष्म्यानं भागणारं दुखणं नाही. मालकाला तेवढं सांगू नकोस.

ती कुणाला बोलली नाही.

शनिवारी ती खाली मागावर गेली होती. परत आली तर खोलीत करपट वास, मॉनिटर काळाठिक्कर, आणि मामा मांडीवर हात ठेवून बसलेले. काय झालं ते त्यांनी तिला हळूहळू सांगितलं. चौकोन दिसावेत म्हणून त्यांनी चित्र मोठं केलं होतं. ते लुकलुकायला लागलं, डोळ्यांतून पाणी आलं. लुकलुक जावी म्हणून सेकंदाच्या फेऱ्या वाढवाव्यात असं ठरवलं. वही उघडली, पेन उचललं. पण चौकोन दुप्पट मोठे केले असं लिहायचं, तर सोमवारी मालक एका नजरेत ओळखणार. पेन खाली ठेवलं. चाचणी दोनदा केली. दोन्ही वेळा ‘कायम करा’चं बटण शोधेपर्यंत पंधरा सेकंद संपून गेले. तेव्हा त्यांनी चाचणी सोडली आणि आकडे सरळ संगणकाच्या फायलीत लिहिले. एक आकडा जास्तीचा पडला. तो त्यांना दिसला नाही. संगणक पुन्हा सुरू केला, पेटीतून बारीक शिट्टी निघाली आणि उजेड गेला.

सोमवारी मालक आले. विझलेल्या पडद्यापुढं उदबत्ती लावून त्यांनी वही उघडली. शेवटची ओळ शुक्रवारची. ‘पडद्याची चमक कमी केली’, आणि पुढं अक्षताचं नाव.

“शेवटचं नाव तुजं हाय,” ते म्हणाले. “धा वर्सं मामांच्या हातात ह्याला काय झालं न्हाई. तुमचा डिप्लोमा तेवडा लई शाना.”

मग आवाज न चढवता त्यांनी तिला दुसरीकडं काम बघायला सांगितलं. अक्षता भिंतीकडं बघत उभी राहिली. मामांकडं बघितलं असतं तर मालकांना कळलं असतं.

“तिनं न्हाई, मालक,” मामा म्हणाले. “म्या केलं.”

“मामा, तिला पाठीशी घालू नगा. तुमी न लिवता हात लावनार व्हय?”

“लावला. मला चौकोन दिसत न्हाईत.”

खाली माग चालूच होते. मालकांनी वही मिटली.

“कवापास्नं?”

“दिवाळीपास्नं.”

“म्हंजी ते मान मोडलेले मोर...”

“माजेच.”

मालक खुर्चीवर टेकले. मग म्हणाले, “घरी जावा, मामा.” उद्या या, असं म्हणाले नाहीत. अक्षताच्या कामाचं पुन्हा बोलले नाहीत.

मामांनी जेवणाचा डबा घेतला, चपला पायात सरकवल्या. अक्षता जिन्यापर्यंत गेली आणि तिनं हात पुढं केला.

“पायऱ्या दिसत्यात की,” ते म्हणाले.

ती खिडकीशी येऊन उभी राहिली. मामा फाटकातून बाहेर पडले. रस्त्याच्या कडेला मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून वाहनं बघत थांबले. एक ट्रक गेला, दोन रिक्षा गेल्या. रस्ता मोकळा झाला तरी ते थोडा वेळ थांबूनच होते. मग ओलांडून पलीकडं गेले आणि घराच्या दिशेनं चालू लागले. अक्षतानं मागं बघितलं तर मालकही येऊन उभे होते, वही हातात तशीच.