ओटीतली गाठ

ती घटना आजही मनातून जात नाही. मुद्देमाल सापडला होता, निरपराध बाई सुटली होती, कागदोपत्री सगळं नीट झालं होतं. तरीही आपण जिंकलो असं मला कधी वाटलं नाही.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. मी चेन्नईतल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. कुठल्या, ते सांगत नाही. त्यातली माणसं अजून आहेत. एका सकाळी एक नोकरदार गृहस्थ तक्रार घेऊन आले. घर आमच्यासारखंच, पिढ्यान्पिढ्या तंजावरकडचं मराठी. त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या पेटीतून सोन्याचे काही मणी आणि एक जुनी पिवळी सुती साडी नाहीशी झाली होती. पेटीची किल्ली घरकामाच्या बाईच्या कमरेला असे. बाई वीसेक वर्षं त्या घरात होती.

माझ्या उपनिरीक्षकाने आईंचा जबाब तमिळमध्ये नोंदवला. मणी पेटीत होते, कुलूप शाबूत, किल्ली बाईकडेच. त्याने बाईला अटक केली. मी कागद वाचले आणि सही केली. दुसऱ्या दिवशी तिला न्यायालयात हजर करायचं होतं.

चौकशीत ती एकच सांगत राहिली. "शुक्रवारी धाकट्या अम्मांनी किल्ली मागितली, ऐया. मी दिली. परत घेतली."

"सापडल्यावर सगळ्यांना धाकट्या अम्मा आठवतात," उपनिरीक्षक म्हणाला.

"सगळ्यांचं मला माहीत नाही, सार. मी माझं सांगते."

चोर फार बोलतो किंवा अजिबात बोलत नाही. ही मोजकं बोलत होती. मला ते खटकलं. खरं तर सही करण्याआधीच खटकायला हवं होतं. गरिबाच्या कमरेची किल्ली पुरावा ठरते आणि घरच्या माणसाचा हात कुणी विचारातही घेत नाही, हा आमच्या खात्याचा जुना आजार.

दुपारी साध्या कपड्यातल्या माझ्या शिपायाला त्या गल्लीतल्या फुलवालीने खबर दिली. शुक्रवारी त्या घरच्या सुनेने पाथिरक्कारीकडून इडलीचं नवं पातेलं घेतलं. पाथिरक्कारी म्हणजे जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी, महाराष्ट्रातली बोहारीण. "गठ्ठा एवढा मोठा होता," फुलवाली म्हणाली, "की मी विचारलं, घर रिकामं करताय की काय?"

मी स्वतः घरी गेलो. सुनेला पातेल्याबद्दल विचारताच ती खाली बसली. "पेटी साफ करताना जुनेर म्हणून दिलं. चार दिवसांनी अत्तेंनी साडी शोधली तेव्हा समजलं. सांगायचं धाडस होईतो पोलीस आले. मग कोणत्या तोंडानं बोलू?"

"त्या बाईच्या तोंडाचा विचार केलात?" मी विचारलं. तिच्या नवऱ्याने मान खाली घातली.

मग मी आईंपाशी बसलो आणि त्या प्रकरणात पहिल्यांदा मराठीत बोललो. घरी मराठी बोलणारी माझी आई गेल्यापासून ती भाषा जिभेवर येत नसे. मुलं तमिळमध्येच उत्तर देतात.

"मावशी, मणी पेटीत कुठं होते?"

"पेटींत नव्हे रे. ओटींत. त्या पोरालाही तेंच सांगितलें. तो म्हणे, पेट्टी? पेट्टी? साडी पेटींतच होती, म्हणून मी मान हालविली."

त्यांची लेक सातव्या महिन्यात माहेरी आली होती. आईने ओटी भरली: हळदीचे तांदूळ, सुपारी, सोन्याचे मणी. लेकीने पदराच्या टोकाला गाठ मारली आणि म्हणाली, बाळ झालं की सोडीन. बाळंतपणात दोघंही गेली. आईने ती साडी तशीच घडी करून ठेवली, गाठीसकट.

माझ्या उपनिरीक्षकाला ओटी हा शब्द ठाऊक नव्हता. मला होता. पण मी आईंना विचारलंच नव्हतं.

पाथिरक्कारी तासाभरात सापडली. तिने गठ्ठा गोदामात दिला होता आणि गोदामातला माल अंबत्तूरच्या एका कारखान्यात गेला होता. तिथे जुन्या कपड्यांपासून पुन्हा सूत काढत. आत बायका ओळीने बसून बटणं, हूक, चेन कापून टाकत आणि रंगारंगाचे ढीग लावत. सूत पुन्हा रंगवायचं नसतं. चिंध्यांचा रंग तोच सुताचा रंग. मग तुकडे काट्यांच्या रुळाखाली जात आणि पलीकडून कापसासारखे आखूड तंतू बाहेर पडत. त्यात थोडा नवा कापूस मिसळून कताई. पिवळ्या ढिगाच्या जागी मोकळी फरशी होती.

"पिवळा काल लावला, सार," मुकादम म्हणाला.

कापणाऱ्या बायकांना मी गाठीबद्दल विचारलं. त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. एक वयस्क बाई उठली आणि तिने भिंतीवरच्या अम्मन देवीच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. तसबिरीच्या खिळ्याला पिवळ्या कापडाची गाठ टांगलेली होती.

"गाठ यंत्रात चालत नाही, म्हणून कापली," ती म्हणाली. "आत तांदूळ लागले, हळदीचा वास आला. कुणाचा तरी नवस, ऐया. आमच्यात पिवळ्या फडक्यात नाणं बांधून देवीपाशी ठेवतात. दुसऱ्याच्या नवसाची गाठ सोडायची नसते."

"आत सोनं असेल असं वाटलं नाही?"

"वाटलं की. म्हणून तर उंच टांगली."

मागून एकीने टोमणा मारला, "नाहीतर हिनंच काढली असती." सगळ्या हसल्या.

पंचनामा करून मी गाठ ताब्यात घेतली. त्याच संध्याकाळी बाई सुटली. खात्यातर्फे नाही, माझ्यातर्फे मी तिची माफी मागितली. तिने पदर सारखा केला आणि बसचा थांबा कुठे, ते विचारलं.

ओळख पटवायला मी गाठ घरी नेली. आईंनी ती सोडली नाही. नाकाशी धरली.

"हिची साडी कोठें रे?"

"तिचं सूत झालं, मावशी."

त्यांनी गाठ मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "कोण नेसेल तें?"

असल्या सुताच्या सतरंज्या होतात, चादरी होतात, पायपुसणीही होतात.

त्यानंतर बदली होईपर्यंत एक नियम मी पाळला. जबाब देणारा ज्या भाषेत रडतो, त्या भाषेतला शब्द जसाच्या तसा कागदावर उतरला पाहिजे. अर्थ नंतर विचारता येतो.

काही महिन्यांनी त्या गल्लीतून जाताना आईंनी मला हाक मारली. मला वाटलं, साडीचं विचारतील.

"ती येईल काय?" त्यांनी विचारलं. सुटल्यापासून बाई त्या घरी गेलेली नव्हती. "दुपारीं माझ्यापाशीं बसे. लेकीचें बोलणें तिच्याशींच व्हावयाचें. तूं सांगून पाहा."

मी बाईच्या घरी गेलो. ती दारात तांदूळ निवडत होती. निरोप ऐकून तिचे हात थांबले.

"अम्मा जेवतात का वेळेवर?" तिने विचारलं. मग म्हणाली, "मलाही आठवण येते, ऐया. पण आता त्या घरातून निघताना मी रोज पिशवी झटकून दाखवीन. कुणी मागणार नाही, तरी दाखवीन. तसं नको."

मी हा निरोप आईंना जसाच्या तसा सांगितला. एकही शब्द बदलला नाही.