निघोजेतला ठोका

चिंचवडच्या एका इव्हेंटवाल्याने मला फसवलं. मी बार्शीचा भांडेवाला. रस्त्याकडेला गोणपाट अंथरून सुरुवात केली आणि स्वतःच्या जिवावर दुसरं दुकान काढलं. त्या दुकानाच्या उद्घाटनाला मी ‘जनरल शिफ्ट’ ही गाणारी जोडी ठरवली होती. त्याने भलतीच दोन माणसं पाठवली.

‘जनरल शिफ्ट’ तुम्ही ऐकली नसेल. फारशी कुणीच ऐकलेली नाही. एक बाई, एक माणूस, एक कीबोर्ड. माझ्या पुतणीच्या मोबाइलवर त्यांचं एक गाणं होतं, कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या माणसाचं. साधे आवाज, कुणावर छाप पाडायची घाई नाही. मध्येच दोघं थांबतात आणि त्या शांततेत एक ठोका पडतो. ठण्ण! तेवढ्यासाठी मी ते गाणं पुन्हा पुन्हा लावायचो. धातू वाजवून ओळखणं हा माझा धंदा. हा आवाज तांब्याचा नव्हता, पितळेचा नव्हता, आणि कशाचा ते काही कळत नव्हतं.

उद्घाटनाला चकचकीत कपड्यांतली जोडी आली. तेच बसचं गाणं सुरू झालं, लोक नाचायला लागले. थांबायची जागा आली आणि ठोका पडलाच नाही, तिथे ढोलकी घुसडलेली! मी तरातरा स्टेजवर गेलो, गाणारीच्या हातातला माइक हिसकावला, तरी गाणं चालूच. ते रेकॉर्डिंग होतं. अख्खी पेठ हसली. त्या दोघांना नाही, मला.

खरी जोडी बार्शीत उभी करून पेठेचं तोंड बंद करायचं, असं ठरवून नवरात्रात मी घर सोडलं. पुण्याहून लोकलने चिंचवडला उतरलो. स्टेशनबाहेर पोहे खाल्ले. इव्हेंटवाल्याचं ऑफिस एका सोसायटीच्या तळमजल्यावर होतं, दारात नवरा-नवरीच्या सोनेरी खुर्च्या एकावर एक रचलेल्या.

“शेठ, ती दोघं कुठंच जात नाहीत हो,” तो म्हणाला. “मी हात जोडले. गाणं घेऊन जा म्हणाले, आम्ही येणार नाही. मग मी काय करायचं?”

“आणि ठोका?”

“कसला ठोका? ते ठणठण होय! तो रेकॉर्डिंगमधला दोष होता. साफ करून घेतला. लोकांची नाचताना लय तुटते.”

साफ करून! मी टेबलावर असा हात आपटला की त्याचा चहा सांडला. मग ती दोघं निघोजेत ज्या वर्कशॉपात काम करतात, त्याचा पत्ता घेतल्याशिवाय खुर्ची सोडली नाही.

रिक्षावाले काका मोशीचे होते. मी भाड्यावरून हुज्जत घालायला लागलो.

“पावणं, निघोज्याला मीटरनं कुणी येत न्हाई,” ते म्हणाले. “आन आज खंडेनवमी (दसऱ्याच्या आदल्या दिवशीची अवजारांची पूजा) हाय. वर्कशॉपात जिलबी मिळंल. रडताय कशाला?”

मोईजवळ इंद्रायणी लागली, जलपर्णीने काठोकाठ हिरवी. पुढे नव्या गाड्या लादलेला ट्रेलर आडवा अडकला होता. एका बाजूला पत्र्याच्या शेड, दुसऱ्या बाजूला कोबीचं शेत, मध्ये आम्ही धूळ खात बसलेलो. उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. भांडायला निघालेला माणूस पाय फरफटत वर्कशॉपात शिरला.

आत मी चाटच पडलो. मशीनना झेंडूच्या माळा, हळदकुंकू. कामगारांच्या बायका नव्या साड्या नेसून आलेल्या, मुलं “हे पप्पांचं मशीन!” म्हणून ओरडत होती. मी कोण, कुठला, हे कुणी विचारलं नाही. हातात पुरीभाजीची पत्रावळ आली, वर जिलबी.

आणि ‘जनरल शिफ्ट’ तिथेच होती. वंदनाताई तपासणीच्या टेबलावर काम करतात. त्यांचे वडील पिंपरीत कामगार होते, गाणं त्या जयंतीच्या मंडपात शिकल्या. गोरख बीडकडचा, पॅकिंगला. कीबोर्डची एक पट्टी दाबली की वर येत नाही, ती तो वाजवता वाजवता नखाने उचलतो. एकदा उचलायची राहिली, सूर लांबला, तशा वंदनाताई हसत हसत तो सूर संपेपर्यंत थांबल्या.

गाणं त्या जागेपाशी आलं. दोघं गप्प. प्रेस मशीनमागून एक माणूस पुढे आला आणि त्याने डाव्या हातातला पाना रिकाम्या बिनवर (सुटे भाग ठेवायची लोखंडी पेटी) मारला.

ठण्ण!

माझं लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे गेलं. अंगठा होता, करंगळी होती. मधली बोटं नव्हती.

“तो संतोष,” वंदनाताईंनी नंतर सांगितलं. “पूजेला सगळे टाळ्यांवर गायचे आणि हा हात खिशात घालून मागं उभा राहायचा. म्हणून आम्ही टाळ्या काढल्या, ठोका घातला. अख्खं गाणं त्या ठोक्याभोवती बसवलंय, दादा.”

“आधीच्या कंपनीत झालं ते,” गोरख म्हणाला. “प्रेसला दोन बटणं असत्यात, दोन्ही हातांनी दाबायची, म्हंजे हात आत राहत न्हाई. माल लवकर निघावा म्हणून तिथं एक बटण अडकवून ठेवलेलं.”

मी खाली मान घातली. पण स्वभाव जाईना. “बार्शीला चला. मागाल ते देतो.”

“गुरुवार सोडून सुट्टी न्हाई, राव. अन् गुरुवारी कपडे धुवायचे असत्यात.”

“तुमचे कपडे मी लाँड्रीत टाकतो!”

“मग गुरुवारी आम्ही काय करायचं?”

सगळे खो-खो हसले. जन्मभर घासाघीस केली, पण समोरच्याला काहीच नको असलं तर कुठून धरायचं, हे मला माहीत नव्हतं. चिडून मी नकली जोडीची गोष्ट सांगितली. त्याचाही त्यांना राग नाही!

“चकचकीत कपडे?” वंदनाताई म्हणाल्या. “बरे दिसत होते का हो?”

“अहो, त्याने ठोका काढून टाकला!”

त्यांचं हसू तिथेच थांबलं. संतोष जवळच पाना पुसत उभा होता. त्याने तो जागेवर ठेवला आणि मला हळूच विचारलं, “का हो? चुकत होता का माझा ठोका?”

 मी तुटकी चप्पल हातात घेतली आणि बाहेर पडलो.

बार्शीला एकटाच परतलो. पेठ अजून हसते, हसू दे. नव्या दुकानात मी मूळ गाणं लावतो. ठोका पडला की हातातलं भांडं खाली ठेवतो. तो लोखंडाचा आहे, हे आता मला माहीत आहे.

पण इव्हेंटवाल्या, तुझा-माझा हिशेब मिटलेला नाही. निघोजे तुला लांब नाही. संतोषने मला विचारलेला प्रश्न तुझा आहे. पुढच्या खंडेनवमीला त्या बिनशेजारी उभा राहा, त्याच्या हाताकडे बघ, आणि त्याचा ठोका कुठे चुकत होता ते त्याला सांग.