आधी गाव ऐका

सांगलीहून बदली होऊन मी त्या तालुक्याच्या गावी एसटीतून उतरलो आणि स्टँडवर बसलेल्या म्हाताऱ्याला कचेरीचा रस्ता विचारला. फौजी मिशा, अंगात खाकी स्वेटर. त्यानं मला हाताला धरून बाकावर बसवलं. “आदी गाव ऐका. मग वाट सांगतो.” पहिल्याच दिवशी मी कामावर उशिरा हजर झालो. साहेबांनी मान वर न करता विचारलं, “सुभेदार आबा भेटले वाटतं?”

पलटणीतून निवृत्त झालेल्या आबांना हे एकच वेड होतं. गावातली शिकलीसवरलेली माणसंसुद्धा म्हणत, इथं काय होतं, इंग्रजानं कचेरी आणली म्हणून गाव वसलं. आबांचं डोकं तडकायचं. “गाव हुतं म्हनून कचेरी आली रं! आमी काय साहेबाच्या टपालातनं आलोय व्हय?” पुरावा एकच होता. ओढ्याकाठचा वीरगळ, शेकडो वर्षांपूर्वी गुरं राखताना मेलेल्या कुण्या गड्याच्या आठवणीचा दगड. त्याच्या तळाशी झिजलेल्या काही ओळी. त्यातलं गावाचं नाव तेवढं कुणा जाणत्यानं आबांना वाचून दाखवलं होतं. बाकीचं वाचायला साताऱ्याचे एक प्राध्यापक दिवाळीनंतर येणार होते.

तोवर दगड टिकायला हवा होता. बाया त्यावर धुणी आपटत, ऊसतोडीवाले कोयत्याला धार लावत. एक कोपरा उडालाच होता. आबांनी विनवण्या केल्या, शिव्या घातल्या, कुणी ऐकेना. मग एका पहाटे त्यांनी तेलात शेंदूर कालवला आणि अक्षरं तेवढी सोडून सगळ्या दगडाला फासला. मला डोळा मारून म्हणाले, “आता घासा म्हनावं कोयतं. कुनाची टाप हाय बघू.”

खरंच कुणी दगडाला हात लावेना. थोड्याच दिवसांत तिथं नारळ फुटू लागले. आबा खूश होते, मीही पोटभर हसलो.

तेव्हा गावोगाव जीर्णोद्धार चालले होते. जुनं देऊळ पाडायचं, स्लॅब टाकायचा, फरशी बसवायची. आमच्याकडेही वर्गणी निघाली. ओढ्याकाठचा देवही नव्या देवळात घ्यायचं ठरलं. दिवाळीत मी सांगलीला, आबा लेकीकडे कुंडलला. पूजेला आलेल्या गुरुजींना तो उडालेला कोपरा दिसला. खंडित देव पुजत नाहीत. गावानं वाजतगाजत, गुलाल उधळत त्याचं कृष्णेच्या डोहात विसर्जन केलं.

मी परतलो तेव्हा आबा चावडीपुढे ओरडत होते, “त्यो देव न्हवता रं! शेंदूर म्या लावला हुता, म्या!” एक म्हातारी शांतपणे म्हणाली, “आसं बोलू नगा, आबा. माज्या नातवाला त्योच पावला.” विसर्जन केलेला देव वर काढायला एकही पोहणारा डोहात उतरेना. प्राध्यापक आले, काठावर उभे राहिले, चहा घेऊन गेले.

“दुसऱ्या कुनी घालवला आसता तर भांडलो आसतो गड्या,” आबा मला म्हणाले. “म्याच त्याचा देव केला. आता कुनाशी भांडू?”

पुढे माझी परत सांगलीला बदली झाली. निघालो त्या दिवशी आबा त्याच बाकावर होते. मी शेजारी बसलो. एसटीतून उतरलेल्या एका बाईनं आबांना विचारलं, “आवं, कचेरी कुठं आली?” तिला बसायला जागा व्हावी म्हणून मी सवयीनं बाजूला सरकलो.

आबांनी नुसता हात लांब केला. “सरळ जावा. डाव्या अंगाला हाय.”