ठरवून दिलेली पाच पानं

आमच्या विभागात एम.ए.च्या निबंधासाठी चौदा नियम आहेत आणि त्यांतले सहा मी लिहिलेत. हे अभिमानानं सांगत नाही. पण सांगितलं नाही, तर पुढचा सगळा दोष संगणकावर जाईल.

आमच्या प्रत्येक नियमामागे एक विद्यार्थी उभा आहे. 'मुखपृष्ठावर विभागप्रमुखांचं छायाचित्र लावू नये' हा नियम आला, कारण एकानं पानभर रंगीत फोटो लावला होता. सरांनी फोटो नीट कापून ठेवून घेतला आणि मग नियम केला. 'निबंधासोबत पेढे आणू नयेत' हा ठराव पेढे संपल्यावर मंजूर झाला. गुण चाळीस. मांडणीला दहा, संदर्भांना दहा, विचाराला पंधरा आणि 'एकूण प्रभाव' पाच. एकूण प्रभाव म्हणजे काय, यावर दोन बैठका झाल्या. शेवटी ठरलं, की ज्या परीक्षकाला तो जाणवेल त्यानं द्यावा.

माझ्या सहांपैकी एक म्हणजे नववा. पूर्वी विद्यार्थी निबंधाची सुरुवातीची पानं वाटेल तशी लिहायचे. एकानं ऋणनिर्देशात घरच्या म्हशीचे आभार मानले होते, कारण तिच्या दुधावर त्याची फी भरली गेली. मला ते फार आवडलं होतं. पण समितीत बसलं, की आवडलं असं म्हणायची सोय राहत नाही. म्हणून मी पहिल्या पाच पानांचा मजकूर ठरवून दिला. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश आणि मनोगत. त्यात एक अक्षर बदलायचं नाही. मनोगतसुद्धा आम्हीच लिहून दिलं. ते नेमकं कुणाचं मनोगत, हे समितीत कुणी विचारलं नाही.

यंदा सरांनी वाङ्मयचौर्य पकडणारं सॉफ्टवेअर आणलं आणि बारावा नियम झाला. दुसऱ्या लेखनाशी वीस टक्क्यांहून जास्त जुळणारा निबंध घेतला जाणार नाही. आलेला प्रत्येक निबंध संगणकात साठणार आणि पुढचा त्याच्याशी ताडला जाणार.

आमच्याकडे शेवटच्या दिवसाआधी निबंध देणं अपशकुनी मानतात. त्यामुळं सगळे शेवटच्याच दिवशी आले. पहिला निबंध दिला तो वर्गात फक्त निरोप समारंभाच्या फोटोसाठी येऊन गेलेल्या एका विद्यार्थ्यानं. संगणक म्हणाला, दोन टक्के. मला माणसांबद्दलची माझी मतं तपासून घ्यावीशी वाटली. बाबूंनी, म्हणजे आमच्या विभागाच्या कारकुनांनी, धाडकन शिक्का मारला.

दुसरी आली ती करमाडची. वय चव्वेचाळीस, शेंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला. शिफ्ट सांभाळून दोन वर्षं शिकत होती. कंपनीच्या गाडीत जाता-येता बायांनी बनवलेल्या शब्दांवर तिनं निबंध लिहिला होता. भोंगा म्हणजे सासू, कारण हाक मारायला वेळकाळ बघत नाही. सुपरवायझर म्हणजे जावई, कारण काम काही नाही पण मान ठेवावा लागतो. मी तिची मार्गदर्शक. मार्गदर्शन म्हणजे मी फक्त हसत होते.

संगणक म्हणाला, सदतीस टक्के.

"नियम बारा," बाबू म्हणाले. "नाय घेता येत, ताई."

"मॅडम, म्या कुणाचं नाय उतरवलं," ती माझ्याकडं वळली. "बायांचं बोलणं उतरवलं, ते बी त्यांना विचारून."

आज पाचपर्यंत निबंध दाखल झाला नाही, तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. म्हणजे एक वर्ष गेलं. आणि पुढच्या वर्षी तिची मुलगी इथंच प्रवेश घेणार होती.

"तिला सांगून बसलेय, तू येशील तवा मी पास होऊन गेलेली असंन," ती म्हणाली. "आता एकाच कॉलेजात मायलेकी! ती तर मला ओळख बी दाखवायची नाय."

मी अहवाल छापून घेतला. जुळलेला मजकूर लाल दिसत होता. आतला निबंध जवळजवळ पांढरा. पहिली पाच पानं मात्र हळदीकुंकवाला निघाल्यासारखी. सगळ्यात गडद ओळ प्रतिज्ञापत्रातली होती: 'हा निबंध माझा स्वतःचा असून तो अन्य कोठूनही घेतलेला नाही.' ही ओळ आधीच्या निबंधातून शंभर टक्के घेतलेली निघाली. पहिला निबंध सुटला, कारण त्याच्या आधी संगणकात कुणी नव्हतं. आता नववा नियम पाळला की बारावा मोडत होता.

"नियम तुमचेच आहेत ना, मॅडम?" बाबूंनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

तीन वाजले होते. सर सभागृहात होते. अकराचं उद्घाटन अजून चालू होतं. व्यासपीठावर समितीतले आणखी दोघे होते आणि एका पाहुण्यांचं मानपत्र वाचलं जात होतं. आमचं मानपत्र दरवर्षी तेच असतं, फक्त पाहुणे बदलतात. हातातल्या अहवालाकडं बघून मला एक दुष्ट विचार आला, पण तो मी ठेवून दिला. टाळ्या होताच तिघांनाही मागच्या खोलीत बोलावून घेतलं. तिथं शालींचा ढीग आणि नारळांचं पोतं होतं.

"अपवाद केला तर उद्या सगळेच मागतील," सर म्हणाले. त्यांच्या खांद्यावर शाल होती, त्यामुळं वाक्याला वजन आलं.

"उद्या कशाला, सर? आज अजून एकवीस निबंध यायचेत. सगळे अडकणार."

"मग नियम म्हणजे नियम."

मी प्रमाणपत्राचं पान काढून पुढं धरलं. सरांनी चष्मा लावला.

"हे लाल काय आहे?"

"तुमचं नाव, सर. पदव्यांसकट. प्रत्येक निबंधात असंच येणार."

"म्हणजे संगणकाच्या मते मी चोर?"

"एकवीस वेळा."

सरांनी शाल काढून नारळांवर ठेवली. "हे आत्ताच्या आत्ता बंद करा."

पाच जणांच्या समितीतले चौघे हजर होतो, म्हणजे बैठक कायदेशीर होती. ठरावाची वही कपाटात आणि कपाटाची चावी रजेवर. म्हणून निमंत्रणपत्रिकेच्या मागं ठराव लिहिला. तपासणी सहाव्या पानापासून व्हावी. खाली मी माझी एक ओळ जोडली. नववा नियम रद्द. प्रतिज्ञापत्र ज्यानं त्यानं आपल्या शब्दांत लिहावं. तो नियम लिहिताना जेवढा आनंद झाला नव्हता, तेवढा तो खोडताना झाला.

परत आले तेव्हा साडेचार होत होते. ती खिडकीशीच उभी होती आणि तिच्यामागं रांग वाढली होती. मी ठराव बाबूंच्या हाती दिला आणि कोरा कागद तिच्यापुढं केला. तिनं पदर खोचला आणि उभ्याउभ्या लिहिलं: 'हा निबंध मी लिहिला. शब्द गाडीतल्या बायांचे आहेत. त्यांना विचारून घेतले. चुकलं असंल तर माझं.'

बाबूंनी ते दोनदा वाचलं. मग निबंध सहाव्या पानापासून संगणकात घातला. तीन टक्के. शिक्का बसला, पण या वेळी हळू, अक्षरांवर शाई येणार नाही अशा बेतानं.

तिनं तिथंच फोन लावला. पलीकडं कंपनीची गाडी होती, हे लगेच कळलं. इंजिनाहून बायांचा आवाज मोठा होता.

"घेतला गं!" ती ओरडली.

पलीकडून जो कल्ला झाला, तो रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. त्यातून एक आवाज वर आला, "जावयाचं बी लिहिलंय का?"

"पान अकरावर!"

पुन्हा कल्ला. ती हसत, पिशवी सावरत जिना उतरून गेली. मी बाबूंकडं पाहिलं. गेली कित्येक वर्षं ते निबंधाचं फक्त मुखपृष्ठ बघत आले होते.

"काका, आमचं घ्या ना, पाच वाजतील!" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"थांबा हो जरा," बाबू म्हणाले, आणि पान अकरा उघडलं.